नवव्या दिवसाचं रक्त



मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडे रोगी येतो तो काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब होऊन. नाव कागदावर असतं, चेहरा दिसत नाही. त्यामुळे आज वॉर्डातल्या गोष्टी कमी आणि रक्तातल्या जास्त असतील. ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते रिपोर्ट उलटा ठेवून आधी माणूस तपासायचे असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. माझ्यासारख्याला इथे बोलावणं हा संयोजकांचा उदारपणाच म्हणायचा.

कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, आपल्या घराघरांत काही अक्षरं शिरली. सीबीसी, सीआरपी, डी-डायमर, आयएल-सिक्स. दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा असलेला मुलगा फोनवर बहिणीला सांगायचा, “बाबांचे लिम्फो सहा टक्क्यांवर आलेत.” सहा टक्के कशाचे आणि ते खाली का येतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसायचं. आकडा खाली गेला की वाईट, एवढंच कळायचं. ते खरंही होतं. पण त्या आकड्यामागे काय चाललेलं असतं, ते त्या वेळी आम्हालाही पूर्ण माहीत नव्हतं. पुढच्या तीन-चार वर्षांत बरंच कळलं, आणि आजचा विषय तोच आहे.

तंदुरुस्त माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल. लिम्फोसाइट, म्हणजे मुख्यतः टी आणि बी पेशी, १ ते ४ हजार. उरलेल्यांत मोनोसाइट आणि इतर. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, जिवाणूंच्या आजारात न्यूट्रोफिल वाढतात आणि विषाणूंच्या आजारात लिम्फोसाइट. परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळत. विषाणूमुळे झालेला जबर न्यूमोनिया मात्र हा नियम पाळत नाही. जानेवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वूहानच्या पहिल्या ४१ रुग्णांची माहिती छापून आली. त्यांतल्या २६ जणांचे लिम्फोसाइट कमी होते. पाठोपाठ चीनमधल्याच १,०९९ रुग्णांचा अहवाल आला. त्यात दाखल होतानाच ८३ टक्के रुग्णांत हीच घट. २००३ च्या सार्समध्ये हे दिसलं होतं, २००९ च्या स्वाइन फ्लूमध्येही. इतकंच काय, १९१८ च्या फ्लूच्या साथीत, जी त्या जूनमध्ये मुंबई बंदरातून आपल्याकडे पसरली, तेव्हाच्या डॉक्टरांनी हातानं पेशी मोजून लिहून ठेवलं होतं की एवढ्या तापातही पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, उलट घटतात.

मग लिम्फोसाइट जातात कुठे? बरेचसे मेलेले नसतात, रक्तातून उठून गेलेले असतात. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के कोणत्याही क्षणी रक्तात फिरत असतात. बाकीचे लसीका ग्रंथी, प्लीहा, आतडी, अस्थिमज्जा यांच्यात मुक्कामाला असतात. आजारात काही फुप्फुसांत उतरतात. शिवाय आजाराच्या ताणानं शरीर स्वतःच कॉर्टिसोल वाढवतं आणि काही तासांत लिम्फोसाइट रक्तातून बाजूला होतात. बाहेरून दिलेलं स्टेरॉइडही हेच करतं, वर न्यूट्रोफिलचा आकडा फुगवतं. म्हणजे स्टेरॉइड सुरू झाल्यानंतरचा सीबीसी किती आजाराचा आणि किती औषधाचा, हे नुसत्या कागदावरून सांगता येत नाही. सभागृहात तरुण डॉक्टर असतील तर हे वाक्य मी त्यांच्यासाठी सावकाश म्हटलं आहे.

पण सगळेच गेलेले परत येत नाहीत. बोस्टनमध्ये कोविडनं दगावलेल्यांच्या लसीका ग्रंथी आणि प्लीहा मायक्रोस्कोपखाली तपासल्या, तर त्यांतली जर्मिनल सेंटर नाहीशी झालेली होती. तिथे बी पेशी टी पेशींच्या मदतीनं आपली प्रतिपिंडं अधिकाधिक नेमकी करत नेतात. ती जागाच मोडली होती. तरीही अशा रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं कमी नसतात. जबर आजारी पडलेल्यांमध्ये ती सौम्य आजारवाल्यांपेक्षा बहुधा जास्तच सापडतात. ऐकताना हे उलटं वाटतं. आपल्या मनात हिशेब असा बसलेला असतो की प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून माणूस गेला. म्हणूनच साथीच्या काळात काढ्यापासून आइस्क्रीमपर्यंत जे हाताला लागेल त्यावर ‘इम्युनिटी’ छापून विकलं गेलं. ही शक्ती टाकीतल्या पाण्यासारखी मोजायची वस्तू असती तर ते काही अंशी बरोबर ठरलं असतं.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढे सांगणार आहे ते सगळं त्याच्या पुराव्यासाठी: विषाणूच्या जबर न्यूमोनियात पेशी कमी पडतात की जास्त होतात हा प्रश्नच अपुरा आहे. बिघडतो तो त्यांचा क्रम. जे पहिल्या दोन दिवसांत व्हायचं ते होत नाही, आणि जे आठव्या दिवशी थांबायला हवं ते थांबत नाही.

पहिल्या दोन दिवसांपासून सुरू करू. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल इथल्या संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर इन्फ्लुएन्झाच्या निष्प्रभ केलेल्या विषाणूचे प्रयोग करत होते. त्या पडद्यातून एक पदार्थ बाहेर येत होता, आणि तो ज्या ताज्या पेशींना लागे त्यांच्यात जिवंत विषाणू वाढेना. त्यांनी त्याला इंटरफेरॉन म्हटलं. आज आपण जाणतो की विषाणू शिरलेली पेशी हा पदार्थ सोडते, शेजारच्या पेशी तो ओळखतात आणि शेकडो जनुकं चालू करून विषाणूची नक्कल करणारी यंत्रणा अडवून धरतात. हे तासांत घडतं. टी पेशी आणि प्रतिपिंडं कामाला लागायला दिवस लागतात. तोवर किल्ला लढवायचा तो इंटरफेरॉननं.

२०२० मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी कोविडच्या रुग्णांत हे इंटरफेरॉन मोजलं. सौम्य आजारवाल्यांत ते भरपूर होतं. अत्यवस्थ रुग्णांत ते जवळपास नव्हतं, रक्तात विषाणू मात्र होता आणि दाह पेटलेला होता. हे का झालं असावं, याचं एक उत्तर पॅरिसमध्येच मिळालं. ज्याँ-लोरां काझानोव्हा यांच्या गटानं ९८७ अत्यवस्थ रुग्ण तपासले. त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं होती, म्हणजे दहातल्या एकात. सौम्य किंवा लक्षणं नसलेल्या ६६३ जणांत एकाकडेही नाहीत. निरोगी १,२२७ जणांत फक्त चौघांकडे. आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष.

मला या अभ्यासाचा धक्का बसला तो यामुळे की ही प्रतिपिंडं विषाणूनं निर्माण केलेली नव्हती. ज्या काही रुग्णांचे आजारापूर्वीचे नमुने साठवलेले होते, त्यांत ती आधीपासून होती. माणूस वर्षानुवर्षं धडधाकट हिंडतो, सर्दी-पडसं झेलतो, आणि शरीर अनोळखी विषाणूला सामोरं जातं तेव्हा कळतं की हाक मारायची सोयच आतून कापलेली आहे. वयानं ही प्रतिपिंडं वाढतात. सत्तरीनंतर साधारण ४ टक्के लोकांत सापडतात. कोविडनं दगावलेल्यांत ते प्रमाण पाचातल्या एकाच्या आसपास निघालं. म्हातारपण आणि पुरुष असणं या दोन गोष्टी धोक्याच्या का, याच्या अनेक कारणांपैकी एक तरी इथे हाताशी आलं.

काहींचा दोष जन्मजात असतो. नेदरलँड्समध्ये दोन वेगवेगळ्या कुटुंबांतले भाऊ-भाऊ, सगळे तरुण, आधी कसला आजार नाही, असे चौघे व्हेंटिलेटरवर गेले; एक दगावला. शोध घेतला तेव्हा चौघांच्या एक्स गुणसूत्रावरचं टीएलआर-७ हे जनुक बिघडलेलं निघालं. विषाणूचा आरएनए ओळखून इंटरफेरॉन सोडायला लावणारं ते जनुक. मुलींकडे एक्सच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. मुलांकडे एकच.

आता दुसरा आठवडा. विषाणू बहुतेकांत लक्षणं सुरू होण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि मग उतरत जातो. पण धाप लागते ती पाचव्या ते आठव्या दिवशी, आणि फुप्फुसं पुरती निकामी व्हायला लागतात ती आठव्या-नवव्या दिवसानंतर. घरच्यांना हे फसवं वाटायचं: ताप उतरला, बाबा जेवले, आणि दुसऱ्या दिवशी ऑक्सिमीटर ८८ दाखवायला लागला. त्या दिवसाचं रक्त काचपट्टीवर पाहिलं की आम्हाला कच्चे न्यूट्रोफिल दिसायचे. अस्थिमज्जेला मागणी एवढी वाढते की अर्धवट वाढलेल्या पेशीही बाहेर ढकलल्या जातात. न्यूट्रोफिल मरताना आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. जंतू अडकवण्यासाठी ही सोय असते, २००४ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी ती प्रथम दाखवली. पण बारीक रक्तवाहिन्यांत हीच जाळी गुठळ्यांचं निमित्त होते.

   

न्यूट्रोफिलपेक्षा मला मोनोसाइट जास्त बोलके वाटतात. त्यांच्या पृष्ठभागावर एचएलए-डीआर नावाचं प्रथिन असतं. गिळलेल्या जंतूचा तुकडा त्यावर ठेवून ही पेशी टी पेशीला दाखवते. बर्लिन आणि बॉनच्या संशोधकांनी २०२० मध्ये एकेक पेशी वेगळी काढून तिची जनुकं वाचली. सौम्य रुग्णांत मोनोसाइटवर हे प्रथिन भरपूर आणि इंटरफेरॉनची खूण स्पष्ट. अत्यवस्थ रुग्णांत ते प्रथिन घसरलेलं. अशा पेशी दाह वाढवणारे पदार्थ सोडतात, पण दाखवायचं काम धड करत नाहीत. सेप्सिसच्या रुग्णांत हे चित्र अतिदक्षता विभागवाल्यांना आधीपासून ठाऊक होतं. एकाच वेळी दाह पेटलेला आणि प्रतिकार पांगळा. ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे दोन्ही शब्द एकाच रक्ताच्या थेंबाला लागू पडतात.

टी पेशींचीही तीच कथा, पण तिच्यात माणसामाणसाचा फरक आहे. फिलाडेल्फियातल्या अभ्यासात १२५ रुग्णांचे साधारण तीन गट पडले: एकात सीडी-४ पेशी जोरात, दुसऱ्यात सीडी-८ वेगळ्याच रीतीनं पेटलेल्या, तिसऱ्यात टी पेशी जणू जाग्याच झालेल्या नाहीत. बिछाने शेजारी-शेजारी, ऑक्सिजनचा आकडा सारखा, आणि आतला आजार वेगळा. राहिलेल्या टी पेशींवर पीडी-१ नावाचं प्रथिन दिसलं की “थकल्या” असं म्हणायची पद्धत त्या वर्षी पडली होती. कोरियातल्या शास्त्रज्ञांनी या विषाणूला ओळखणाऱ्या नेमक्या पेशी वेगळ्या करून पाहिल्या तेव्हा त्या व्यवस्थित काम करताना आढळल्या.

आणि हे सगळं शिरेतल्या रक्ताचं. आजार असतो वायुकोशात. शिकागोमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या फुप्फुसांतलं पाणी काढून तपासलं, तेव्हा तिथे एक चक्र सापडलं: विषाणू शिरलेले मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, टी पेशींना बोलावतात, टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, त्यानं आणखी मॅक्रोफेज चेततात आणि ते आणखी टी पेशी बोलावतात. हे एका वायुकोशातून दुसऱ्यात सावकाश सरकत राहतं. जिवाणूंचा न्यूमोनिया असा रेंगाळत नाही. कोविडचे रुग्ण तीन-तीन आठवडे व्हेंटिलेटरवर का राहत होते, ते यावरून समजतं.

‘सायटोकाइन वादळ’, म्हणजे दाह पेटवणाऱ्या पदार्थांचा पूर, हा वर्तमानपत्रांचा आवडता शब्द होता. आकडे मोजले तर कोविडच्या गंभीर रुग्णांतलं आयएल-६ सरासरीनं सेप्सिसमधल्या पातळीच्या सत्ताविसाव्या भागाएवढं भरलं. कर्करोगावरच्या कार-टी उपचारात खरोखर जे वादळ होतं, त्यात ते कोविडच्या जवळजवळ शंभरपट असतं. तरीही आयएल-६ अडवणारं टॉसिलिझुमॅब ऑक्सिजनवरच्या, दाह वाढलेल्या रुग्णांत उपयोगी ठरलं: मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर. उपयोग आहे, पण एप्रिल २०२१ मध्ये एका इंजेक्शनसाठी आपण जी वणवण आणि जो काळाबाजार पाहिला, तेवढा तो नव्हता.

याउलट एक स्वस्त औषध. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डहून रिकव्हरी चाचणीचा निकाल जाहीर झाला. डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर. नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात १४ टक्क्यांऐवजी १७.८ टक्के. तिसरा गट पुन्हा पाहा. औषध तेच, मात्रा तीच, आजार तोच. फायदा उरला नाही, आकडा तोट्याकडे झुकला. मृगाचा पाऊस पीक देतो आणि काढणीला आलेल्या पिकावर तोच पाऊस पडला तर शेतकरी डोकं धरून बसतो, तसंच हे.

इंटरफेरॉन नेमकं उलटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत, जिच्यात भारतातली रुग्णालयंही होती, दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन दिलं. काही उपयोग झाला नाही. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत जास्त ऑक्सिजन लागणाऱ्यांचं उलट बिघडलं. पण ब्राझील आणि कॅनडामध्ये पहिल्या आठवड्यातच, घरी असलेल्या रुग्णांना पेगिलेटेड इंटरफेरॉन लॅम्डाचं एक इंजेक्शन दिलं, तेव्हा दवाखान्यात जायची वेळ ५.६ टक्क्यांऐवजी २.७ टक्क्यांवर आली, आणि त्यांतले बहुतेक लस घेतलेले होते.

बरे झालेल्यांच्या प्लाझ्माचंही असंच. आयसीएमआरनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत फरक १८ आणि १९ टक्क्यांचा, म्हणजे नाहीच. अर्जेंटिनात मात्र ६५ वर्षांवरच्या १६० जणांच्या चाचणीत लक्षणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत भरपूर प्रतिपिंडांचा प्लाझ्मा दिला, तेव्हा गंभीर श्वसनविकार ३१ टक्क्यांऐवजी १६ टक्क्यांत झाला. आपल्याकडे रात्री-अपरात्री प्लाझ्मासाठी फोन फिरले ते बहुतेक नवव्या-दहाव्या दिवशी, जेव्हा रुग्णाची स्वतःची प्रतिपिंडं तयार झालेली होती.

जुने फॅमिली डॉक्टर नाडी धरतानाच विचारत, “आज कितवा दिवस?” टायफॉइडच्या काळातली ती सवय. दुसऱ्या लाटेत व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या औषधांच्या याद्यांत सगळं होतं, गोळ्यांची नावं, मात्रा, सकाळ-संध्याकाळ. दिवस नव्हता. ताप आला त्या संध्याकाळी स्टेरॉइड सुरू झालेली माणसं आपण पाहिली. त्यांच्यापैकी कित्येकांना मधुमेह होता, काहींचा तर तेव्हाच कळला. म्युकरची बुरशी मातीत, हवेत, जुन्या भाकरीवर सगळीकडे असते. एरवी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज तिचे बीजाणू नाकातच संपवतात. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांनी या पेशींचा आकडा घटत नाही, न्यूट्रोफिलचा तर वाढतो. पण त्यांची हालचाल मंदावते, मारायची ताकद जाते. सीबीसी चांगला दिसतो आणि बुरशी सायनसमधून डोळ्याकडे निघालेली असते. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे. ज्यांचे डोळे काढावे लागले, जबडे कापावे लागले, ती माणसं आजही आपल्या आसपास आहेत. या विषयावर बोलताना आमचा वैद्यकीय वर्ग फार लवकर पुढच्या मुद्द्यावर जातो असं मला वाटतं.

लस नेमकं काय करते, हेही या क्रमाच्या भाषेत सांगता येतं. ती नव्या प्रकारच्या पेशी देत नाही. ज्या टी आणि बी पेशी जमायला एरवी दीड-दोन आठवडे लागले असते, त्या आधीच तयार असल्यानं तीन-चार दिवसांत कामाला लागतात. इंटरफेरॉन कमी पडलं तरी मधली दरी अरुंद होते. २००९ मध्ये, भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला त्या साथीत, जगभर म्हाताऱ्या माणसांना तुलनेनं कमी लागण झालेली आढळली. बालपणी किंवा तरुणपणी, १९५७ पूर्वी, त्यांची मिळत्याजुळत्या विषाणूशी गाठ पडलेली होती आणि ती आठवण पन्नास वर्षं टिकली होती.

पण लस घेतलेले, उत्तम प्रतिपिंडं असलेले काही जण तरीही अत्यवस्थ झाले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या रक्तात इंटरफेरॉनविरुद्धची ती जुनी प्रतिपिंडं निघाली. सत्तरीच्या आतल्या, इन्फ्लुएन्झानं अत्यवस्थ झालेल्यांतही ती पाच टक्क्यांच्या आसपास सापडली आहेत. म्हणजे हा प्रश्न कोविडबरोबर संपलेला नाही. पुण्या-मुंबईत दर पावसाळ्यात फ्लूचे रुग्ण वाढतात तेव्हा तो असतोच. चाचणीला साधं शिरेतलं रक्त पुरतं. ती सध्या संशोधनाच्या प्रयोगशाळांतच होते. सत्तरीच्या पुढच्या माणसाची साखर आणि क्रिएटिनीन आपण दरवर्षी तपासतो, त्याच नळीतून हेही तपासता येईल. ज्याच्यात ती प्रतिपिंडं असतील त्याला ताप आला तर विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू करायचं, रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही, एवढं तरी आधी ठरवून ठेवता येईल. अशी तपासणी सरकारी रुग्णालयांत सुरू करून पाहावी, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करतो आहे. प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे असं संयोजक म्हणाले होते. त्यातली पाच मिनिटं मी आधीच घेतली आहेत.